दानात गेलेलं घड्याळ

"तुमच्याकडं तीस हायेत की, बापू. एक गेलं तर काय बिघडलं?"

हे माझा पोरगा बोलला. त्याच्या आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात धरून. पोरगा वाईट नाही. नांदेडात नोकरी करतो, आम्हा दोघांना गावाकडून त्यानंच आणलं, आईच्या दुखण्यात रजा काढल्या, दवाखाने केले. पण त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात जी आग शिरली ती आज सात महिने झाले तरी उतरलेली नाही. उतरावी अशी माझी इच्छाही नाही. म्हणून लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस. काना-मात्रा चुकल्या तर चुकल्या.

तीस घड्याळं आहेत हे खरं. सगळी जपानी, सगळी जुनी, एकातही सेल नाही. मी जन्मभर ट्रक चालवला. उदगीरच्या मोंढ्यातून डाळ भरायची, नांदेडला उतरवायची, कधी तसंच पुढं हैदराबादला जायचं. त्या काळात आमच्या भागातली लई माणसं अरबस्तानात कामाला जायची आणि येताना दोन वस्तू हमखास आणायची. एक जाड ब्लँकेट आणि एक जपानी घड्याळ. ब्लँकेट घरात राहायचं, घड्याळ अडीनडीला बाहेर पडायचं. बाकीचे ड्रायव्हर ढाब्यावर बाटली फोडायचे, मी घड्याळ हुडकायचो. मनगटावर रातकिड्यासारखं ओरडणारं गजराचं घड्याळ माझ्याकडं आहे. समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं आहे, आणि मला गावच्या विहिरीतसुद्धा पोहता येत नाही. पोराची आई म्हणायची, "हात दोन, त्यातला एक स्टेअरिंगला. आन् घड्याळं तीस. बाकीची काय पायात घालता का?"

पण जे गेलं ते या तिसातलं नव्हतंच. ते माझं नव्हतं. ते तिचं होतं.

सगळ्यात आधी घेतलेलं ते. उदगीरला एका हमालाचा भाऊ अरबस्तानातून आलेला, त्याला माझा ट्रान्झिस्टर दिला आणि त्याच्या हातातलं घड्याळ घेतलं. गोल, स्टीलचं, पुरुषाच्या मापाचं. पांढरा डायल. तीनच्या आकड्यापाशी छोटी खिडकी, त्यात तारीख आणि वार. वार अरबी अक्षरात. या घड्याळाला चावी देता येत नाही. आत लोखंडाचा एक अर्धा चंद्र असतो, हात हलला की तो फिरतो आणि तोच चावी देतो. हात हलला तर घड्याळ चाललं, हात थांबला की दीड दिवसात घड्याळ थांबलं.

मी मोठ्या हौसेनं घरी दाखवायला आणलं. तिनं हातात घेतलं, कानाला लावलं, आणि आपल्या मनगटात घातलं. बांगड्यांच्या मागं सरकवलं. म्हणाली, "हे मला पाहिजे."

"बापई घड्याळ हाय ते."

"असू द्या. मला मुकादमाला दाखवायचंय."

तेव्हा ती भोकरच्या बाजूला एका मोठ्या शेतावर रोजानं जायची. पंधरा-वीस बाया. सुट्टी पाचला ठरलेली, पण घड्याळ एकट्या मुकादमाच्या हातात. तो सांगेल तेव्हा पाच. उन्हाळ्यात दिवस बुडायला त्याचे पाच वाजायचे. दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली ते हे घड्याळ घालून. पाच वाजले तशी खुरपं टाकून उभी राहिली. मुकादम म्हणाला, "कामून उठलीस? अजून वाजले न्हाईत."

"तुमच्यात न्हाई वाजले, माझ्यात वाजले. बघा."

"बापई घड्याळ घालतीस व्हय गं?"

"बापयाएवढं काम करून घेता तवा न्हाई इचारत ते?"

सगळ्या बाया हसल्या आणि एकेक करून उठल्या. त्या दिवसापासून त्या शेतावर तिच्या घड्याळानं सुट्टी व्हायला लागली. हे मला तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या बायांनी सांगितलं.

नांदेडला जुनी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते, उर्दू शिकलेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मी तिला घेऊन त्यांच्याकडं गेलो, म्हणलं, वार इंग्रजीत करून द्या. त्यात दोन्ही असतात, बाजूचं बटण आत दाबलं की बदलतात. ती म्हणाली, "इंग्रजी तरी मला कुठं येतंय? राहू द्या हेच. नक्षीवानी दिसतंय." मग उस्तादांनी तिला सातही वार एकेक करून दाखवले. तिनं अक्षरं नाही शिकली, आकार पाठ केले. अक्षरांच्या शेवटी वाटी आणि वाटीवर एक तीळ, तो सोमवार. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरायचा. शेवटी रिकामी वाटी, तो गुरुवार. तिचा उपास. बाकीचे पण तिला यायचे. मी तीस घड्याळांचा मालक, मला हे दोनच यायचे, आणि तेही तिनं सांगितलेले.

त्या घड्याळाचं तिनं काय काय केलं! खताच्या पाण्यात हात घातला, आत ओल गेली, चारच्या आकड्यापाशी मुगाच्या डाळीएवढा तांबूस डाग पडला. काचेवर ओरखडेच ओरखडे. मी एकदा म्हणलं, डायल रंगवून आणतो, काच बदलतो. ती म्हणाली, "माझं तोंड बी रंगवून आणा मग." विषय संपला.

खोटं कशाला बोलू, मी स्वतः एक डायल रंगवलेला आहे. सुरुवातीला अक्कल नव्हती. चांगलं करडं होतं, पोपटी करून आणलं. जपान्यांनी ते पाहिलं तर ओळख देणार नाहीत. ते अजून माझ्याकडं आहे आणि मी ते कुणाला दाखवत नाही.

तिला लकवा मारला. डावी बाजू गेली. घड्याळ डाव्याच हातात. हात गादीवर पडून, आणि हात हलत नाही म्हणल्यावर घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद. तिनं उजव्या हातानं ते कानापाशी ओढून ऐकलं आणि हात परत गादीवर ठेवून दिला. ते मला बघवलं नाही. मग मी एक शिरस्ता लावला. पहाटे ती झोपेत असताना घड्याळ काढायचं, माझ्या हातात घालायचं, दूध आणायला लांबच्या रस्त्यानं जायचं, हात मुद्दाम हलवत. लोकांना वाटायचं म्हातारा कवायत करून राहिला. येऊन पुन्हा तिच्या हातात. चौदा महिने हे चाललं. एक दिवस मी घड्याळ परत तिच्या हातात घातलं आणि तिला जाग आली. उजव्या हातानं घड्याळ चाचपलं.

"गरम लागून राहिलंय की ओ. कुणाच्या हातात होतं?"

"उन्हात होतं."

"पहाटं?"

अर्ध्या तोंडानं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी काढायला गेलो की डोळे मिटून घ्यायची, झोपल्यासारखं करायची.

ती गेली तेव्हा घड्याळ तिच्या हातात होतं आणि चालू होतं. नेण्याच्या आधी बायांनी काढून ठेवलं. मी पाहिलं, पण मला वाटलं घरातच आहे, कुठं जातंय. तेराव्याला मी बाहेर मांडवात बसलो होतो, आल्या-गेल्याला नमस्कार करत. त्यात एक घड्याळवाला नांदेडचाच, हात जोडून म्हणतो, लई वाईट झालं काका, आणि लगेच खालच्या आवाजात, ते गजरवालं कधी द्यायचं झालं तर मला सांगा. तेराव्याला! मी म्हणलं, बुंदी खा आणि जा.

तिकडं आत बायांचं काय चाललंय ते मला माहीत नाही. ती सवाष्ण गेली, म्हणजे माझ्या आधी गेली, म्हणून एका सवाष्णीला बोलावून तिच्या अंगावरचं दान द्यायचं असतं. साडी, बांगड्या, कुंकवाची डबी, जोडवी. माझ्या थोरल्या बहिणीनं फर्मान काढलं, अंगावर होतं ते सगळं द्यायचं, काही ठेवायचं नाही, न्हाईतर तिचा जीव अडकतो. आणि सुनेनं घड्याळ त्या साडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळांचा डबा उघडला. इतर तीस जागच्या जागी. ते नाही.

"मामंजी, ते तर दिलं. माझ्या मावशीला. लातूरच्या. आत्याबाईंनीच सांगितलं," सून म्हणाली. तिचा दोष नाही, ती रडायला लागली. आणि पोरगा ते वाक्य बोलला.

मी म्हणलं, फोन लाव, परत मागव. बहीण आतून आली. "याड लागलं का रे तुला? दान दिलेलं परत मागतेत का? तिला पोचायचं न्हाई मग."

"तिला पोचायचं न्हाई? अगं, तिच्या हातातच होतं ते! तुम्ही काढून घेतलं आन् वर म्हणता तिला पोचवलं?"

"त्या बाईच्या कुंकवाचा प्रश्न हाय. सवाष्णीचं वाण माघारी घेतेत का?"

सगळे एका बाजूला. पोरगा म्हणाला, बापू, शांत व्हा, मी तुम्हाला तसलंच दुसरं मागवून देतो, मोबाईलवर मिळतेत. तसलंच! याला जन्म दिलेली बाई वरती गेली आणि तिचं घड्याळ मोबाईलवर मिळतं. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो ऑफिसला जाताना माझ्या पाया पडायचा, मी पाय आखडून घ्यायचो. वागणं चांगलं नव्हतं माझं. पण तसंच वागलो.

दीड महिना गेला. तिच्या दुखण्यात मी मोबाईल शिकलो होतो, जुन्या घड्याळवाल्यांच्या एका ग्रुपात आहे. त्या ग्रुपाचं काय सांगू. भगवा डायल, जांभळा डायल, सगळे मुंबईत रंगवलेले, आणि खाली सगळीकडं एकच शब्द, रेअर, रेअर. अरे, रेअर कशाचं? असा रंग जपानात कुणी केलाच नव्हता म्हणून रेअर?

एका बुधवारी लातूरच्या एका दुकानदारानं फोटो टाकला. "अरबी वारवालं पीस. काच बदलली, उद्या डायल पेंटला जाणार. बघा मग कसं चमकतंय." खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग. आणि फोटोत, चारच्या आकड्यापाशी, मुगाच्या डाळीएवढा डाग.

मी गुरुवारी पहिल्या बसनं लातूरला गेलो. घरी सांगितलं नाही.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. चाळिशीचा माणूस, डोळ्याला भिंग. समोर घड्याळ उघडं पडलेलं. काटे काढलेले, डायल सुटा काढून कागदाच्या पुडीत. पुडीवर मुंबईचा पत्ता लिहून झालेला. मी पुडीवर हात ठेवला.

"काका, काका! काय करून राहिले?"

"हे घड्याळ माझ्या बायकोचं हाय."

त्याला वाटलं मी वेडा आहे. मग मी त्याला घड्याळाचं सगळं सांगितलं. आतल्या चंद्राला एका बाजूला घासल्याची खूण आहे, मागच्या झाकणाला तीन ठिकाणी पकडीचे वण आहेत, पट्ट्याची एक पिन जाड आहे कारण ती मी सायकलच्या तारेची केलीय. त्यानं भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"बरोबर आहे. पण काका, ज्या बाईंनी आणून दिलं त्यांच्या शब्दाशिवाय मी कसं देऊ? उद्या त्यांनी विचारलं तर?"

माणूस खरं बोलत होता. मी म्हणलं, जुनी काच कुठंय? कचऱ्यात गेली म्हणाला. परवाच. त्या काचेवरचा एकेक ओरखडा तिनं कमावलेला होता, आणि यानं ती अंड्याच्या टरफलासारखी फेकली. तो म्हणाला, "काका, रेअर पीस आहे, डागासकट कोण घालेल? डायल नवा केला की शोभेल."

"रेअर माझ्याकडं दहा हायेत. हे रेअर न्हाई. अशी पोत्यानं आली होती अरबस्तानातून. डायलला हात लावायचा न्हाई. मी बाईला घेऊन येतो."

पार्सल दुपारी चारला जायचं होतं. त्यानं पुडी गल्ल्याच्या खणात टाकली आणि म्हणाला, चारपर्यंत थांबतो.

सुनेच्या मावशीचं घर रिक्षानं पंधरा मिनिटं. दार तिनंच उघडलं. मला बघून पदर सावरला. "इवाई? कळवलं न्हाई काही? या, या. आज माझा उपास हाय, साबुदाणा केलाय, खाता का?" आतून टीव्हीचा आवाज. तिचे मालक क्रिकेट बघत होते.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या विचारलं, "इहीणबाई, ते घड्याळ नवं करायला कामून टाकलं?"

तिचं तोंड उतरलं.

"खरं सांगू का? मला भ्याव वाटत होतं. मेलेल्या बाईच्या हातातलं. साडी नेसले, बांगड्या भरल्या, त्याचं काही न्हाई वाटलं. पण ते घड्याळ मी टेबलावर ठेवलं, आन् उचललं की आपलं आपण चालू व्हायचं. टिकटिक टिकटिक. माझ्या अंगावर काटा. म्हणलं, नवं करून घ्यावं, म्हंजे तिचं राहणार न्हाई."

एवढं सरळ मला दीड महिन्यात कुणी बोललं नव्हतं. मी खाली बसलो. तिला माझं पहाटेचं दूध आणायला जाणं सांगितलं, चौदा महिन्यांचं. ते मी पोरालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. सांगताना मी रडलो नाही, चिडूनच सांगितलं, जणू तिनंच माझं दूध सांडलंय. ती दारातल्या उंबऱ्यावर टेकून ऐकत होती. टीव्ही कधी बंद झाला कळलं नाही.

"मला परत पाहिजे," मी म्हणलं.

"इवाई, दान हाय ते. मी माघारी कसं देऊ? यांचं बरं-वाईट काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"मग मुंबईला पाठवून त्याचं तोंड पुसणार?"

तिचे मालक दारात येऊन उभे होते, बनियनवर. ते म्हणाले, "द्यायचं तर देऊन टाक की. मला काय होतंय?"

"तुम्ही गप बसा. तुमाला काय कळतंय?" मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "इवाई, एक सांगा. तेराव्याला आमची टॉवेल-टोपी तुमाला झाली का?"

आमच्याकडं बायको गेलेल्या माणसाला पाहुणे दुखवट्याचा आहेर करतात. टॉवेल आणि टोपी. ज्याला केला त्यानं तो घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. मला त्या दिवशी सतरा टॉवेल आले होते. हिचा नव्हता, कारण ती पाहुणी म्हणून नव्हे, दान घ्यायला आली होती.

"न्हाई झाली," मी म्हणलं.

"मग राहिलीच की आमची. अवो, शर्ट घाला. बाजारात जायचंय."

तिघं रिक्षात. आधी कापडाच्या दुकानात टॉवेल आणि पांढरी टोपी, मग घड्याळाच्या दुकानात. साडेतीन वाजले होते. दुकानदारानं पुडी काढली, डायल बसवला, काटे बसवले, झाकण लावलं. तिनं त्याला सांगितलं, "रंग नको. हाय तसंच." नवी काच मात्र आरशासारखी चकचकीत, माझंच तोंड दिसत होतं तीत. जुनी ती जुनी. ती मला कुणीच परत देणार नाही.

दुकानातच, स्टुलावर बसवून, तिच्या मालकांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली. तिनं टॉवेल उलगडून माझ्या दोन्ही हातांवर ठेवला आणि टॉवेलवर घड्याळ ठेवलं. गिऱ्हाइकं बघत होती.

"हे दान न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आहेर हाय."

लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या बसला तासभर होता. मी बाकावर बसून घड्याळ हातात घातलं. गार होतं. दुकानदारानं वार इंग्रजीत करून ठेवलेला. मी बाजूचं बटण आत दाबत गेलो. अरबी, इंग्रजी, अरबी. वाटी आणि वाटीवर तीळ आला तिथं थांबलो. सोमवार. बाजार. तिथून पुढं बोटावर मोजत, इंग्रजी वगळत, एक, दोन, तीन.

घरी पोचलो तर पोरगा दारात. टोपी बघितली, मग मनगट. "बापू, दान परत आणलं?"

"आहेर आलाय. लातूरच्या पाव्हण्यांचा. नाकारता येत न्हाई."

त्यानं माझी पिशवी घेतली. नंतर जेवताना म्हणाला, "बापू, उद्यापासून दूध मी आणत जाऊ का?"

"न्हाई," मी म्हणलं. "माझा रस्ता लांबचा हाय."

लातूरच्या स्टँडवर बस येईपर्यंत मी घड्याळ बघत बसलो होतो, हे सांगायचं राहिलं. तीन मोजल्यावर खिडकीत रिकामी वाटी आली होती. गुरुवार. सकाळपासून मी पण काही खाल्लं नव्हतं.